पेडलवरचा पाय

तुमचं जेवण झालंय ना? मग सांगते. जेवणाआधी ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिच्या किडन्या निकामी झाल्यापासून ती माझ्याकडेच असते. आमचे हे गेले, मूलबाळ नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. दवाखाना चाळीस किलोमीटरवर आणि पाळी सकाळी सातची. एक पाळी चुकली की तिचे पाय सुजतात. दुसरी चुकली की तेच पाणी छातीत चढतं. बसल्या जागी बुडणाऱ्या माणसासारखी धडपडताना मी तिला एकदा पाहिलंय. ते पुन्हा पाहायचं नाही म्हणून गाडी घेतली. जुनीच होती.

त्या शुक्रवारी परत येताना पुलाच्या चढावर मी गिअर बदलला, अॅक्सिलरेटर दाबला, तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी मात्र गोगलगाईसारखी सरकत होती. आणि वास सुटला. क्लच जळाला की जळक्या कागदासारखा वास येतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून येतो ना, ओला, आंबूस... तसा. धाकटीने पदर नाकाला लावला आणि काच खाली केली. कशीबशी गाडी घरी आणली.

माझे दीर तीस वर्षं बसच्या डेपोत होते. आता घरामागे शेड टाकून गाड्या दुरुस्त करतात. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच हळूहळू सोडला. अशा वेळी इंजिन धक्का खाऊन बंद पडायला हवं. पडलं नाही. आपलं आरामात गुरगुरत राहिलं. भाऊजींनी केबल तपासली, पेडलची मोकळी चाल बघितली. दोन्ही ठीक होतं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. पेडलवर पाय ठेवून चालवता ना?"

मला वाईट वाटलं. आमच्या ह्यांनी मला गाडी शिकवली तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की गिअर बदलून झाला की पाय खाली, जमिनीवर. नुसता टेकवून ठेवला तरी क्लचची प्लेट घासत राहते आणि जळते. मी तसं कधीच केलं नव्हतं. भाऊजींना पटलं नाही. गाडी घेतली तेव्हा, म्हणजे आठच महिन्यांपूर्वी, नवी प्लेट त्यांनीच टाकली होती. नीट चालवणाऱ्याकडे ती पाच-सहा वर्षं टिकते. "मग काय, मी आइस्क्रीमची प्लेट बसवली होती?" असं म्हणून ते हसले, पण मनातून त्यांना ते लागलं होतं.

सोमवारच्या पाळीआधी काम व्हायला हवं होतं, म्हणून रविवारी सकाळीच गाडी उघडली. मदतीला मीच, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पाने घेऊन. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवली. तेल काढलं, चाकांकडे जाणारे दांडे सोडवले, इंजिनखाली जॅक लावला. शेवटचा बोल्ट निघाला आणि भाऊजींनी गिअरबॉक्स मागे ओढला.

इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात ती जागा कोरडी असते. झिजलेल्या प्लेटची काळी भुकटी तेवढी निघते. इथे मात्र ओलं होतं. पिवळट, करडा थर, बोटभर जाड, वर साय धरलेला. शेडमध्ये तोच वास पसरला, आता जळका भाग वगळून नुसता तोच. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हरने थर खरवडला तर त्यात पापुद्रे निघाले. भिजून पांढरी पडलेली टाच दगडाने घासली की जी कातडी निघते, ती. प्लेटच्या भोकांत ती दाबून बसली होती. मग पकडीत काहीतरी कडक आलं. पिवळं, वाकडं, मुळाशी काळपट. अंगठ्याचं नख होतं. अख्खं.

"उंदीर शिरला असेल..." भाऊजी हळूच म्हणाले.

त्यांनी पकड खाली ठेवली, बाहेर नळापाशी गेले, आणि मला ओकारीचा आवाज ऐकू आला. ग्रीसचे हात विजारीला पुसून डबा उघडणारा हा माणूस त्या दिवशी जेवलाच नाही.

वास गाडीच्या आतूनही येत होता, म्हणून त्यांनी शेजारच्या सीटपुढचा गालिचा उचलला. गालिच्याच्या पाठीला तोच थर होता. आणि खाली पत्र्यात दोन भोकं, कडा गंजलेल्या, शेजारी करवतीने कापलेला एक दांडा. भाऊजींनी दांड्याच्या कापावरून बोट फिरवलं.

"ही शिकवणीची गाडी होती, वहिनी."

विकणाऱ्याने आम्हाला ते सांगितलं नव्हतं. गाडी शिकवणारे मास्तर शेजारी बसतात, तर त्यांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्यांनी क्लच दाबला की चालवणाऱ्याचं पेडलही आपोआप खाली जातं. काही मास्तरांना सवयच असते, दिवसभर पाय टेकवून बसायची. पण ही पेडलं काढून कैक वर्षं झाली होती. "पाय ठेवायला पेडलच नाही, मग प्लेट कुणी..." भाऊजींनी वाक्य तिथेच सोडलं.

आम्ही सगळं खरवडलं, पेट्रोलने धुतलं, वर फिनेल ओतलं. भोकांवर पत्रा ठोकला. नवी प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं नवं बसवलं. संध्याकाळी पुन्हा तीच परीक्षा घेतली, आणि क्लच सोडताच इंजिन गपकन बंद पडलं. भाऊजी म्हणाले, आता सहा वर्षं बघायला नको.

सोमवारी गाडी लोण्यासारखी चालली. धाकटी माझ्या शेजारी पेंगत होती. सरळ रस्ता लागला, माझा पाय जमिनीवर होता. सहज खाली नजर गेली, तर क्लचचं पेडल हळूहळू दबत होतं. विसावा म्हणून कुणी पाय टेकवला तर जितकं जाईल, तितकंच. मी पटकन त्यावर पाय ठेवला. चपलेच्या तळव्याखाली पेडलचं रबर नव्हतं. काहीतरी मऊ होतं, कोमट, आणि दाबलं की हाडावरून कातडी सरकावी तसं सरकत होतं.

त्या दिवसापासून मी त्या पेडलला जमेल तितकं टाळू लागले. वळण आलं तरी गिअर बदलत नसे, चुचकारत गाडी तशीच काढायची. दोन आठवडे असे गेले. धाकटीला काही सांगितलं नाही, तिचं तिला काय थोडं होतं? ती म्हणायची, पाय फार जड झालाय. डॉक्टर म्हणायचे, पाणी आहे. आणि थोडं जास्त पाणी काढायचे.

मग एका शुक्रवारी नर्सबाईंनी तिचा मोजा काढला. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, हे डायलिसिसच्या खोलीत सगळ्यांना माहीत असतं. तिच्या पावलावर पाच खळगे होते, ओळीने, मोठ्यापासून लहानापर्यंत. आणि मागे घोट्यापाशी एक रुंद, गोल. खळग्यांत पिवळट काहीतरी साचलं होतं. नर्सबाईंनी ते कापसाने पुसलं, कापूस नाकाशी नेला, आणि तोंड फिरवलं. मला विचारलं, पेशंटचे पाय किती दिवसांनी धुता. मी तिचे पाय रोज कोमट पाण्याने धुते हो.

परतताना धाकटी म्हणाली,

"ताई, रागावणार नाहीस ना... तू हल्ली गिअर फार कमी बदलतेस."

मी विचारलं, मग काय झालं?

"तू तिकडे पेडल दाबलंस, की तेवढा वेळ तो माझ्यावरचा पाय उचलतो."

"कोण तो?"

"मला काय माहीत. मी खाली बघतच नाही."

माझी किळस वाचवायला मी ते सगळं तिच्या पायावर ढकललं होतं, आजारी बहिणीच्या. मी चप्पल काढली, उघडा पाय पेडलवर ठेवला आणि घरापर्यंत तिथेच ठेवला. माझ्या तळव्याखाली ते ओलं मांस हलत होतं, बोटं चाळवत होतं. धाकटीने मान मागे टाकली आणि किती दिवसांनी तरी गाढ झोपली.

तीन महिने मी तशीच चालवली. भाऊजींनी दोनदा प्लेट बदलली, नाकाला फडका बांधून, मला न बोलावता. शेवटी त्यांनीच ठरवलं, की ही गाडी ठेवायची नाही, विकायचीही नाही. भंगारवाल्याकडे आमच्यासमोर तिचे तुकडे झाले. भाऊजींनी स्वतःची गाडी आम्हाला दिली. तिचं पेडल आपोआप हलत नाही, वासही नाही. बुधवारी पहिल्यांदाच मी गाणं गुणगुणत दवाखान्यात गेले.

घरी आल्यावर धाकटीला पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं आणि शेजारी खुर्चीवर शेंगा सोलत बसले. भर दुपार होती. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. बघते तर त्या उन्हात पांघरूण तिच्या डाव्या पावलावर हळूहळू दबत चाललं होतं. थांबलं. मग आणखी थोडं दबलं.

तिने डोळे उघडले नाहीत. माझा हात चाचपून धरला, आणि आवाज न चढवता म्हणाली, "ताई... गिअर बदल ना गं."