पहाऱ्याची बदली

गढी पाडून बाग करायची ठरली तेव्हा परदेशीपुऱ्यात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. होळकरांची फौज मोडून दहा वर्षं होत आली होती, मध्य प्रदेश नवा कोरा होता; रिकाम्या गढीत बकऱ्यांशिवाय राहत होतं कोण? तट उतरला, खंदक बुजला, दारूकोठाराच्या जागी मुलांचे झोके आले. दरवाजाची कमान तेवढी शोभेला ठेवली.

वाईट वाटलं ते अप्पासाहेबांना. याच गढीचे ते हवालदार. फौज मोडली तशी त्यांची भूकच मोडली. चतकोर भाकरी खायची, “झालं माझं” म्हणायचं आणि ताट सारायचं. सुनेनं, कमलनं, भरली वांगी करून पाहिली, पुरणपोळी करून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी! माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि तिचा जीव तुटत होता. सख्ख्या बापावर केली नसेल एवढी माया तिनं या म्हाताऱ्यावर केली होती.

नवरा गिरणीत दुसऱ्या पाळीला गेला की ती सासऱ्यांना बागेत नेऊ लागली. चार पावलं चालतील तर भूक लागेल, एवढाच तिचा हिशेब.

कमानीखाली हिरवळ छान धरली होती. एका जागी मात्र दोन पावलांएवढी माती उघडी. माळी तुकोजी तिथे वैतागून उभा होता.

“कितनी बार दूब लावली, ताई. बाजूला धरते, इथेच नाही. ऊपर से माती रोज दबलेली!”

अप्पासाहेबांनी वाकून पाहिलं. मातीत दोन पावलांचे ठसे होते: टाचा जुळलेल्या, चवडे फाकलेले. त्यांचा चेहरा उजळला.

“हा पहारेकरी आहे, सूनबाई. फौज मोडली, पण याला बदली कुणी दिलीच नाही. बदली आल्याशिवाय हा हलायचा कसा?”

“अहो साहेब, फौज तर कब की गई!” तुकोजी हसला.

“फौज गेली. हुकूम कुठे गेला?”

तुकोजी मान हलवत पाण्याच्या नळाकडे निघून गेला. कमललाही हसू आलं. मामंजी आपणहून बोलताहेत याचंच तिला अप्रूप. खेळू दे खेळ, कुणाचं काय जातंय!

अप्पासाहेबांनी गुंडी लावली, ताठ झाले, खाडकन सलाम ठोकला. “पहारा माझ्याकडे. सुटलास तू.” आणि त्या उघड्या मातीवर पावलं ठेवून उभे राहिले.

वारा नव्हता. तरी कमलला वाटलं, कुणीतरी अंगाला घासून गेलं. जुन्या चामड्याचा वास आला. दचकून तिनं रस्त्याकडे पाहिलं.

अप्पासाहेब पुढे निघालेसुद्धा होते.

“चल गं. भूक लागलीय.”

भूक! कमल धावतच त्यांच्यामागे गेली. मागे वळून पाहायचं तिला सुचलंही नाही. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले आणि त्यांनी तिला पुढे होऊ दिलं.

घरी ते जेवायला बसले. झुणक्याशी भाकरी संपली, परत थापली, तीही संपली. मग भात.

“सावकाश, मामंजी,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

दारावर थाप पडली. बाहेर तुकोजी होता, धापा टाकत.

“ताई, जल्दी चला. बाग बंद करायचीय आणि अप्पासाहेब कमानीखालून हलतच नाहीत. म्हणतात, बदली आल्याशिवाय येत नाही.”

कमल हळूच वळली.

पाटावर, तिच्याकडे पाठ करून, तो जेवत होता.

“ऐकलं मी,” आवाज हुबेहूब मामंजींचा. “पोट भरलं की जातो परत. आणखी वाढ.”

कमलनं पातेल्यात हात घातला.

तळ लागला होता.