बसल्या जागी भरलेला आकडा

कुणाला पटो वा न पटो, वरवट बकालच्या पुढच्या एका गावात हे यंदाच्या एप्रिलमध्ये घडले आहे. रात्री नव्हे. मंगळवारी, भर दुपारी, पावणेतीन वाजता.

धम्मशीला ही त्या गावची आशाताई. दर मंगळवारी चाळीस घरी जाऊन रक्तदाब मोजायचा आणि आकडा सरकारी मोबाइलमध्ये भरायचा, हे तिचे काम. पाचपर्यंत यादी भरली नाही, की तालुक्याहून फोन येई. उन्हामुळे मळ्यांतली दूरची घरे राहून जात. मग ती ओट्यावर बसूनच त्यांच्या नावांपुढे भरून टाकी... एकशे वीस, ऐंशी.

सगळ्याच आशाताई तसे भरत.

मळ्यात एकट्या राहणाऱ्या गोजरबाईंचा आकडाही तिने तसाच भरला. तिसऱ्या दिवशी म्हातारी झटक्याने गेली.

मोबाइलमध्ये मात्र ती ठणठणीत होती.

पुढच्या मंगळवारी धम्मशीलाला त्या मोबाइलकडे पाहवेना. तो कपाटात ठेवून तिने कुलूप लावले आणि अंगणात गहू निवडत बसली.

आतून आवाज आला...

फुस्स. फुस्स.

रक्तदाबाच्या पट्ट्यात कुणी हवा भरावी, तसा.

मग काहीच नाही. निंबावरच्या चिमण्याही गप्प.

तिने कुलूप काढले. यादी पूर्ण भरलेली होती. मळ्यातल्या शेषरावांच्या नावापुढे होते... एकशे नव्वद, एकशे दहा. वेळ, दोन पंचेचाळीस. भरणारी, धम्मशीला.

ती अनवाणीच धावली. शेषरावांच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्रातले आकडे चढले, उतरले, थांबले.

एकशे नव्वद. एकशे दहा.

संध्याकाळच्या आत त्यांना दवाखान्यात नेले, म्हणून ते वाचले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून आकडेवारी पाहणाऱ्या राजकुमार साहेबांचा फोन आला. शेषरावांचा आठवड्यात एवढा रक्तदाब चढला, तर आधीचे सगळे आकडे खोटे ठरतील. मोबाइल बिघडला असे लिहून पुन्हा एकशे वीस करा, नाहीतर काम जाईल, असे त्यांचे म्हणणे. तिच्या दोन्ही लेकींचे शिक्षण त्याच कामावर चालले होते. तरी आकडा भरला गेला तेव्हा मोबाइल कुलपात होता, हे तिने सांगितले.

"एक बटन त दाबायचं हाय, ताई," ते हसले. "का भूत बीपी मोजून राह्यलं म्हणून लिहू वरते?"

"लिहा," ती शांतपणे म्हणाली. "पण आंधी हे लिहा, का गोजरमायच्या घरी मी गेलीच नोहती. तो आकडा म्या बसल्या जागी भरला. खोटा तो होता. हा खरा हाय, अन् खरं मी पुसत नाही. काम काढून घ्या."

आठ दिवसांत मोबाइल गेला. काम गेले.

ती मात्र जाते. स्वतःचे यंत्र, साधी वही, आणि सर्वांत दूरचे घर सर्वांत आधी.

परवा ती कौशल्याबाईंच्या मळ्यात पोचली. त्या खाटेवर बसल्या होत्या. बाही वर गुंडाळलेली. दंडावर पट्ट्याचा वळ... ताजा.

"पुन्हा काऊन आली वं? आताच त मोजून गेली तुह्यासंगची म्हातारी. आकडा तुह्या वहीत लिवला म्हने."

वही सकाळपासून धम्मशीलाच्याच काखेत होती.

तिने वही उघडली नाही.

आधी कौशल्याबाईंच्या दंडाला स्वतः पट्टा बांधला.