नाव न घेता उघडलेलं दार

आबांनी हातातला चमचा उलटसुलट करून पाहिला, ओठ हलवले आणि शेवटी म्हणाले, "ढवळतात."

"चमचा, आबा," मेखला म्हणाली.

"हो. तेच." पण तो शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही. दुधाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पांढरं. पितात."

सोमवाडी ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची वसाहत. खाणीतून बर्फ काढायचा, त्यापासून पाणी आणि प्राणवायू करायचा आणि त्यावर सगळ्यांनी जगायचं. त्या खाणीचं दार आबांनी बांधलेलं. त्याचा खिळान्‌खिळा ठाऊक असलेल्या माणसाला मेंदूचा झटका आल्यापासून साधं चमचा म्हणता येत नव्हतं. असं कसं होतं, हे कोडं मेखलाला रोज पडायचं.

"याला अफेजिया (वाचाघात) म्हणतात," आई कामाचा पोशाख चढवत म्हणाली. "मेंदूला इजा झाली की बोलणं बिघडतं. पण सगळे शब्द काही एकाच डब्यात भरलेले नसतात. वस्तूंच्या नावांसाठी कानाच्या बाजूचा भाग जास्त राबतो, करण्याच्या शब्दांसाठी कपाळाकडचा. आबांचा कानाजवळचा भाग दुखावलाय."

"म्हणजे नाउन (नामं) गेली आणि व्हर्ब (क्रियापदं) राहिली?"

"बघ, गंपू एवढं घोकून घेतो ते डोक्यात शिरलं नाही. आज शिरलं," आई हसली आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या ओलेगकाकांसोबत खाणीत उतरली.

गंपू हा यंत्रमानव. सकाळी मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवायचा, दुपारी खाणीची दुरुस्ती करायचा. वसाहतीत नाना देशांची माणसं, म्हणून कामाच्या आज्ञा तो फक्त इंग्रजीत घ्यायचा. आणि त्याही अर्धवट चालायच्या नाहीत. पूर्वी एकदा अर्धवट आज्ञेवरून त्यानं भलतीच झडप उघडली होती.

जेवणाच्या वेळी चंद्रकंप झाला. ताटं सरकली, दिवे गेले आणि आले. थोड्याच वेळात वसाहतप्रमुख शिरीनबाई हातात स्क्रीन घेऊन धावत आल्या. पडद्यावर गंपूच्या डोळ्यातून खाणीचं दार दिसत होतं.

"आबासाहेब, दार अडकलंय. तुमची लेक आणि ओलेग आत आहेत. भिंतीला तडा गेलाय, हवा कमी होतेय. नकाशात दाखवलेली कळ दाबून पाहिली, उपयोग नाही. तुम्ही नंतर काही बदल केला होता ना?"

आबांनी होकारार्थी मान हलवली. तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "पुल," ते म्हणाले. "पुल... पुल..."

"पुल हे क्रियापद. ओढणे," गंपूचा आवाज आला. "काय ओढू? नाम सांगा."

आबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "इट. पुल इट."

"इट हे प्रोनाउन (सर्वनाम). कशाबद्दल, ते ठाऊक नाही. आज्ञा अपूर्ण."

शिरीनबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "नाव आठवा, आबासाहेब. नुसतं नाव." आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मेखला पडद्यावरच्या दाराकडे बघत राहिली. आई त्या दारामागे होती.

आणि तिला आजी आठवली. पृथ्वीवरच्या घरात आजीनं जन्मभर आबांचं नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही जुनी रीत. "हे आले का?", "यांना वाढ" यावर तिचा संसार झाला. तरी 'हे' म्हणजे कोण, असं घरात कुणी विचारलं नाही. कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस असायचा.

"बाई, नाव विचारू नका," मेखला म्हणाली. "आधी गंपूला ते दाखवूया. दिसलं की 'इट' पुरेल. आबा, आजीसारखं बोला. कुठे आहे?"

तिनं पडद्यावरच्या दारावर बोट ठेवलं. आबांनी श्वास घेतला. "बिहाइंड इट."

बिहाइंड, म्हणजे मागे. प्रेपोझिशन (शब्दयोगी अव्यय) जागा सांगतं. मराठीत 'दारामागे' म्हणताना ते नामाच्या पाठीला लागतं, इंग्रजीत नामाच्या आधी येतं, काम तेच. मेखलानं गंपूला इंग्रजीत दाराच्या चौकटीमागे बघायला सांगितलं. तिथे बोटभर फटीत तीन चाकं होती.

"कसलं, आबा?"

"रेड. स्मॉल."

रेड आणि स्मॉल, लाल आणि लहान. ही अ‍ॅडजेक्टिव्ह (विशेषणं). तिन्हींतलं एकच चाक तसं होतं. गंपूची नजर त्यावर थांबली.

"नाउ," आबा म्हणाले, "टर्न इट अँड पुल इट. स्लोली."

टर्न म्हणजे फिरव, अँड म्हणजे आणि. या कंजंक्शननं (उभयान्वयी अव्ययानं) फिरवणं आणि ओढणं जोडलं, नाहीतर गंपूनं नुसतंच ओढलं असतं. स्लोली, म्हणजे हळू. ते अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषण) नसतं, तर चाक तुटून हातात आलं असतं.

"इट म्हणजे समोरचं लाल चाक," गंपू म्हणाला. "आज्ञा पूर्ण."

दार उघडलं. आई भिंतीला टेकून बसली होती, तिचा श्वास चालू होता. ओलेगकाका तड्याजवळ होते. तड्यात त्यांनी स्वतःचा कोट कोंबून धरला होता. त्यांचा श्वास थांबलेला होता.

संध्याकाळी त्यांना पांढऱ्या चादरीत ठेवलं. आबांनी बराच वेळ ओठ हलवले. "हसायचा," ते म्हणाले. "फार." मेखलाला नाव ठाऊक होतं. तिनं ते सुचवलं नाही.

दवाखान्यातून आई आठवड्यानं घरी आली. आबांबद्दल डॉक्टर म्हणाले होते, एक बोगदा कोसळला की आपण दुसरा खणतो, तसा सरावानं मेंदूही नव्या वाटा पाडतो. वेळ लागेल. सगळी नावं परत येतीलच, असं नाही.

त्या सकाळी आबा मेखलाकडे नुसते बघत राहिले. ओठ हलले, थांबले.

"तू," ते म्हणाले.

"सर्वनाम," कोपऱ्यातून गंपू म्हणाला. "नामाच्या जागी येणारा शब्द."

"ठाऊक आहे मला," मेखला म्हणाली. समोर ती एकटीच तर होती. तिनं टेबलावरचा चमचा उचलून आबांपुढे धरला.

"ढव..." आबा थांबले. त्यांनी डोळे मिटले. "च," ते म्हणाले. "च..."

आईनं दुधाचा पेला खाली ठेवला. कुणी काही सुचवलं नाही. गंपूसकट तिघंही वाट पाहत बसली.