नानांच्या वाटणीचे पक्षी

“हळदीला आल्यासारखी पिवळीधमक ओढणी... आणि म्हणे पक्षी मोजायचे.”

पुटपुटणारा माणूस नानांच्या पाठीला पाठ लावून बसला होता आणि प्रज्ञा नानांच्या खांद्याला खांदा लावून. ऐकू कसं येणार नाही? तिने ओढणी काढली, घडी करून पर्समध्ये कोंबली आणि मागे न बघताच म्हणाली, “पक्ष्यांना कानही असतात म्हणे.”

मागून हळूच... “सॉरी.”

ही लळिंगजवळची टेकडी. पावसाळा सरला की उत्तरेकडून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी खानदेशात उतरतात. दिवसभर शेतांवर टोळ टिपत फिरतात आणि संध्याकाळी माळावरच्या गवतात, चक्क जमिनीवर, झोपायला येतात. दर रविवारी ते मोजायचे आणि आकडा राज्यभरची मोजणी करणाऱ्या संस्थेला पाठवायचा. रीत साधी होती. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. पूर्वेचा माळ एकाचा, पश्चिमेचा दुसऱ्याचा. दुसऱ्याच्या माळात डोकवायचं नाही, नाहीतर एकच पक्षी दोनदा मोजला जातो.

पूर्वेला असायचा तो पुटपुटणारा सुयश. मूळचा असोद्याचा, धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. पश्चिमेला प्रज्ञाचे वडील पितांबरनाना, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून नानांना दाढी करायची हौस आठवड्यातून एकदाच यायची, रविवारी. आणि नेमकी त्यांची नजर विझत चालली होती. आता चष्म्याने भागणार नाही, असं डॉक्टरांनी प्रज्ञाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नाना तो विषय काढत नव्हते. प्रज्ञाही काढत नव्हती. ती फक्त सोबतीला म्हणून टेकडीवर यायला लागली, आणि नानांनी तिला हळूच आकडा सांगितला की त्यात हुकलेले पक्षी गुपचूप मिळवून तो सुयशला द्यायची. टेकडी सुटली, तर त्या माणसाकडे उरणार काय?

सुयश मात्र रीत मोडायचा. अधूनमधून त्याची मान वळायची, पश्चिमेकडे, म्हणजे प्रज्ञाकडेच की! पहिल्यांदा तिला राग आला. दुसऱ्या रविवारी राग आला की नाही, ते तिला नीट ठरवता येईना. तिसऱ्या रविवारी तिने कानात झुमके घातले... आणि वाऱ्याने केस विस्कटले की ती बरोबर त्याच बाजूचे सावरायची, जी बाजू त्याला दिसे.

बोलणं व्हायचं ते टेकडी उतरताना. तो विचारायचा, ओढणीला सुट्टी का दिली? ती म्हणायची, पक्ष्यांपेक्षा मास्तरच जास्त बुजतात म्हणून. लताबाई, जिचं शेत टेकडीखाली होतं, चहा देताना नुसती गालात हसायची.

मग एका रविवारी सुयश खालीच, लताबाईच्या बांधावर, वाट बघत उभा दिसला. नानांना बांधाजवळच्या खाटेवर बसवून प्रज्ञा त्याच्याकडे गेली.

आपला आकडा फार फुगलाय, असं मोजणीवाल्यांनी कळवलं होतं. पुन्हा तपासून पाठवा म्हणे. हे सांगताना सुयश सारखा घड्याळाचा पट्टा सैल-घट्ट करत होता.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “नानांचे पक्षी हुकतात... मान वळवून तेही मी माझ्यात धरत होतो.”

प्रज्ञाने डोळे मिटले. “मी पण,” ती म्हणाली. “मी त्यांच्यात धरत होते.”

दोघांना हसू फुटलं. म्हणजे नानांचा हुकलेला प्रत्येक पक्षी दोनदा मोजला गेला होता! हसता हसताच प्रज्ञाचा हात कानाकडे गेला. मान वळायची ती पक्ष्यांसाठी तर! आणि आपण झुमके...

आता नानांना सांगणं आलं. ती म्हणाली, मोजणी तुमची, तुम्ही सांगा. तो म्हणाला, वडील तुमचे. दोघं असेच घुटमळत खाटेपाशी आले. लताबाईने कप पुढे केला, “नाना, चहा ल्या,” आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून सुस्कारा सोडला. “बठ्ठासले माहित शे, पन बोलस कोन?” खरंच, माहीत सगळ्यांनाच होतं, बोलत कुणी नव्हतं.

नानांनी कप दोन्ही हातांनी चाचपून घेतला. एक घोट प्यायले.

“मीच बोलतो,” ते म्हणाले. “तुमचं बांधावरचं बोलणं ऐकलं मी. मला दिसत नाही. पक्षी सोडा, प्रज्ञाचा चेहराही आता धुरकट दिसतो.” 

प्रज्ञा त्यांच्याजवळ बसली. हात हातात घेतला. नानांनीच तो थोपटला. “रडू नको. इथं यायचं मी सोडणार नाही. पश्चिम आजपासून तुझी, मी नुसता वारा खाईन. पण मास्तर, एक सांगा... माझं झाकून ठेवायची हिला गरज होती. तुम्हाला काय पडली होती?”

सुयश म्हणाला, मोजणी बरोबर यावी म्हणून.

“ती तर चुकली.”

पहिला भोवत्या गवतावर तरंगत आला. मोजायला कुणीच वर गेलं नव्हतं.

“तुमची जागा गेली असती,” सुयश अडखळत म्हणाला, “तर तुम्ही आला नसता... आणि मग याही आल्या नसत्या.”

प्रज्ञाने मान वर केली. “म्हणजे... मान वळायची ती नुसती पक्ष्यांसाठी नव्हती?”

“पहिल्या रविवारी पक्ष्यांसाठीच होती,” तो म्हणाला. आता तो सरळ तिच्याकडेच बघत होता. “नंतर नाही. प्रज्ञा, मला तू आवडतेस. नानांच्या देखत सांगतो.”