बाराव्या वर्षाचं पुस्तक

ग्रंथालयातला तो माणूस पुस्तकं वाचत नव्हता, मोजत होता.

खिशातून टेप काढायचा, पुस्तकाची उंची घ्यायचा, मग जाडी, आणि कानामागची पेन्सिल काढून कागदावर टिपायचा. ती दोन कपाटांमधून बघत राहिली. इस्पितळात एक्स-रे काढणारी बाई ती, दिवसभर लोकांची हाडं बघायची. सहसा कशाचं नवल वाटत नसे. पण त्याच्या हातातल्या कागदाकडे नजर गेली आणि ती थबकलीच. अक्षर तिचं होतं!

"अहो, ही यादी तुमच्याकडे कशी?"

"पुस्तकांची आहे. चांगली आहे. झेरॉक्स हवी का?"

"माझीच आहे ती!"

"अच्छा... म्हणजे तुम्हीच ताई."

"कुणाची ताई?"

"ज्यानं कपाट सांगितलंय त्याची. माझी नाही," तो घाईघाईनं म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तो सुतार होता. तिच्या धाकट्या भावाला नुकतीच नोकरी लागली होती आणि ताईला काय द्यायचं यासाठी त्याला फार डोकं खाजवावं लागलं नव्हतं: पुस्तकांचं कपाट. तिच्या यादीची प्रत त्यानं गुपचूप सुताराच्या हाती दिली होती.

यादीही साधीसुधी नव्हती. आई गेल्यावर दोन भावंडांना वाढवताना जे जे वाचायचं राहिलं, ते ती वहीत लिहून ठेवत गेली. आता भावंडं मार्गी लागली, तेव्हा तिनं बसून आखणीच केली. वर्षाला सहा पुस्तकं, वीस वर्षं, एकशे वीस पुस्तकं. जाडजूड होती ती पुढच्या वर्षांत टाकली, तोवर दम वाढेल म्हणून. मावशी स्थळ घेऊन आली की ती वही पुढे करायची. "पुढच्या वीस वर्षांत जागा नाही, मावशी." मावशी कपाळावर हात मारून घ्यायची. तिला मात्र त्या वहीचा असा अभिमान होता, की पदवीदान समारंभातही कुणाला झाला नसेल.

पुढचे चार शनिवार दोघं ग्रंथालयात भेटत राहिले. योगायोगानं... असं दोघंही म्हणायचे. तो माप सांगायचा, ती लिहून घ्यायची. मधेच तो एखादं पुस्तक उघडायचा आणि टेप हातातच राहायची.

"तुम्हाला मोजायला सांगितलंय, वाचायला नाही."

"आत काय आहे ते कळल्याशिवाय वजन कसं कळणार? फळी वाकते, बाई."

"फळी वाकते की मान? पाऊण तास झाला, एका जागी उभे आहात."

ग्रंथपाल खाकरले. ती हसू दाबत लिहू लागली. कारखान्यात या माणसाला सगळे 'मिलिमीटर' म्हणतात, हे तिला भावाकडून कळलं होतं. आजवर एक मिलिमीटरही चुकला नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि तो ती मिरवतही असे.

कपाट आलं तेव्हा ती कामावर होती. संध्याकाळी खोलीत शिरली आणि बघतच राहिली. वीस वर्षांचे वीस कप्पे, पॉलिशचा ताजा वास, कडा इतक्या गुळगुळीत की बोट आपोआप फिरावं. आपली पुढची वीस वर्षं अशी समोर उभी बघून तिचा ऊर भरून आला. मग मागे चिकटवलेला मापांचा कागद तिनं वाचायला घेतला. बारावं वर्ष, पुस्तक सत्तरावं, मिठागरातल्या तीन पिढ्यांची कादंबरी. त्यापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'रटाळ. जागा सोडलेली नाही.'

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयातून तीच कादंबरी घेऊन ती कारखान्यात धडकली. तो रंधा मारत होता.

"किती पानं वाचलीत याची?"

"चाळीस..."

"नऊशेंपैकी चाळीस! आणि माझ्या यादीतलं पुस्तक गाळता? लोकांनी काय काय गाळायला सांगितलं मला, शिक्षण, सुट्ट्या, झोप. गाळलं. ही यादी नाही गाळणार. कुणासाठीच नाही!" तिनं पुस्तक लाकडाच्या भुशात ठेवलं. "हे पूर्ण वाचा. मग बोला."

रंधा तसाच त्याच्या हातात राहिला.

तीन आठवडे तो ग्रंथालयाकडे फिरकलाच नाही. तिनंही चौकशी केली नाही, फक्त शनिवारी ग्रंथालयात उगाच जास्त वेळ बसू लागली. बरं झालं, असं ती स्वतःला बजावत होती. तरी रिकामं वाटत होतं, अगदी खरं सांगायचं तर फार रिकामं.

मग एका दुपारी तो एक्स-रेच्या खिडकीशी उभा. डोळे लाल, काखेत ते पुस्तक.

"काय मोडलंय?" तिनं विचारलं.

"गर्व," तो म्हणाला. "चुकलो मी. त्यातली ती मोठी बहीण... सगळ्यांना मार्गी लावते आणि एका सकाळी नुसती बांधावर बसते, कुणी हाक मारत नाही. तिथं मी रडलो. कप्पा नव्यानं करतो, चांगला रुंद."

कारखान्यातल्या कुणी ते 'चुकलो' ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. तिचा राग कधीच विरघळला होता.

"आणि अजून एक," तो खिडकीच्या कडेवर बोट फिरवत म्हणाला. "तुमचा भाऊ म्हणाला, पुढच्या वीस वर्षांत जागा नाही. यावेळी मी माझ्या मनानं माप घेतलं नाही. विचारायला आलोय... आहे का थोडी?"

ती वही तिनं एकटीनं लिहिली होती, एकटीसाठी. तिच्यातली एक ओळही सोडायची तिची तयारी नव्हती. आणि हा माणूसही आता सोडवत नव्हता.

"मोठ्यानं वाचता येतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"येतं की. का?"

"मनात वाचलं तर वर्षाला सहा होतात. रोज थोडं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मधे भांडायचं... असं केलं तर तीनच होतील."

त्यानं बोटांवर हिशेब केला. मग पुन्हा केला.

"म्हणजे ही यादी..."

"चाळीस वर्षं पुरेल," ती ताठ मानेनं म्हणाली. "एकही पुस्तक न गाळता."

तो पुस्तक या काखेतून त्या काखेत घेत राहिला. मागे रांगेतला प्लास्टरवाला गृहस्थ मात्र खुशीत हसला.

"उद्यापासून सुरू करायचं?" सुतारानं कसंबसं विचारलं.

"आजपासून. माझी ड्युटी पाचला संपते."