हवालदाराचा पेला

रेंज गेली म्हणून तोंडं काय पाडता रे? ठेवा ते मोबाईल आणि ऐका. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. छावणीत तो ट्रक चालवायचा, आम्ही एकाच बराकीत. हट्टी इतका की सगळे त्याला आडमुठ्याच म्हणायचे.

आमच्या छावणीत रेंज यायची एकाच जागी, पाण्याच्या टाकीमागच्या खडकावर. जवान ढीगभर आणि खडक एक! म्हणून आम्ही खडकाशी आपापला पत्र्याचा पेला रांगेत ठेवायचो आणि कामाला लागायचो. कुणी बूट घासतोय, कुणी बनियन वाळत घालतोय, नंबर मात्र पेल्याने धरलेला. त्या रांगेवरून कधी भांडण झालं नाही.

पहिला पेला कायम एकच असायचा, काठाला पोचा आलेला. एक म्हातारा हवालदार तो ठेवून गस्तीला गेला होता आणि परत आलाच नाही. घरी काय बोलायचं होतं, देव जाणे. पेला उचलायची कुणाची छाती झाली नाही. रात्री बारानंतर खडक रिकामा सोडायचा, ती हवालदाराची पाळी, असं ठरूनच गेलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतला दुसरा मंगळवार. आडमुठ्याची बायको दवाखान्यात, पहिलंच बाळंतपण, तेही अडलेलं. याला रजा मिळाली नव्हती. संध्याकाळी ती फोनवर म्हणाली होती, "तुमचा आवाज येत राहिला तर मी निभावून नेईन."

बाराच्या ठोक्याला हा निघाला. मी आडवा आलो. "अरे बाबा, आता त्याची पाळी. पहाटे जा."

"पहाटेपर्यंत ती थांबेल? हवालदारालाही बायको होती ना? मग कळेल त्याला. नाही कळलं तर गेला उडत!"

मी टाकीपर्यंत गेलो. पुढे पाय रेटेना. बाकीचं त्याने नंतर सांगितलं.

खडकावर चढून त्याने फोन लावला. नुसती खरखर. पुन्हा लावला. रेंज गेली.

मागे बूट वाजले.

ठक... ठक...

थांबले. अगदी पाठीशी. मानेवर गार श्वास. हा वळला नाही.

"कोण?"

...

"कोण आहे?"

...

खांद्यावर हात पडला. जड... ओला. आणि हा ओरडला, मी टाकीपाशी ऐकलं:

"भितोय मी! पण हलणार नाही! रांग मोडली, हो, मोडली! काय करायचं ते मला कर. तिला माझा आवाज जाऊ दे!"

हात निघाला. बूट लांब गेले.

फोन काही लागला नाही. पण गडी खडकावरून उतरला नाही. थंडीने ओठ निळे पडले, तरी रात्रभर त्या मुक्या फोनमध्ये बोलत राहिला. "हलणार नाही गं. मी इथंच आहे."

उजाडताना फोन वाजला. सासूबाई होत्या. "जावईबापू, मुलगी झाली! दोघी सुखरूप."

मग बायकोने फोन घेतला. आवाज पार खोल गेलेला. "रात्रभर बोलत होतात. तेवढ्यावरच तर निभावलं."

"अगं, फोन लागलाच नव्हता."

"असं कसं? 'हलणार नाही' म्हणत होतात ना? कानाशीच होतात की..."

आडमुठ्या खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला उठवायला गेलो, तर रांगेतली पहिली जागा रिकामी. आम्ही छावणी पालथी घातली. हवालदाराचा पेला कुठेच नव्हता.

महिन्याने याला रजा मिळाली. आगगाडीने दोन दिवसांचा प्रवास करून घरी पोचला. बाळाला उचललं. पाळण्याशेजारी पाणी ठेवलं होतं, पत्र्याच्या पेल्यात.

"हा कुठला?"

"दवाखान्यातला. मुलगी झाली तेव्हा माझ्या उशाशी होता. कुणाचा ते कुणालाच माहीत नाही, म्हणून घेऊन आले."

लोक म्हणतात, फेकून दे. आडमुठ्या म्हणतो, फेकणाऱ्याचा हात मोडेन. पोरगी आता त्यातूनच दूध पिते. परवा मीही तो हातात घेऊन पाहिला.

काठाला पोचा आहे.