पाचवी मूर्ती

पवनीला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं वस्तुसंग्रहालय होतं. कौलारू खोली, आत आसपासच्या शेतांत सापडलेल्या चार दगडी मूर्ती. शाळा सुटली की खुशाल मास्तर ते उघडून बसत. लोक येत, पण पाट्या वाचता न येणारे दारातूनच डोकावून परत जात. त्र्याऐंशी साली धानाची कापणी उरकली, तेव्हा मास्तरांनी नागपूरहून कॅसेट वाजवायचं यंत्र आणलं. गळ्यात अडकवायचं, हेडफोन कानाला लावायचा. चारही मूर्तींची माहिती त्यांनी स्वतःच्या आवाजात भरली. खरी मनात होती ती त्यांची माय, गोदावरीबाई. काचबिंदूनं तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आयुष्यभर कशात रमला ते तिनं एकदा कानांनी, हातांनी पाहावं, एवढीच इच्छा.

घाटावर मासे विकणारी सखाबाई सगळ्यात आधी आली. चार मूर्ती झाल्यावर ती डाव्या भिंतीकडे वळली आणि तिथंच उभी राहिली. भिंत कोरी होती. नुकताच चुना मारलेली.

"कोणती आवडली, सखाबाई?"

"ते पाठमोरी बसली हाये ना, ते. किती लांब केस बनवले दगडात!"

मास्तर हसले. कोरलेली एखादी वेल तिला केसांसारखी वाटली असेल.

मग वरठी स्टेशनवर काम करणारा टिकाराम आला. तोही त्याच भिंतीपाशी रेंगाळला. "मास्तर, ते बाई तिरपी पाहून राहिली, तिची माहिती लयच कमी सांगितली तुम्ही."

"कोणती बाई?"

टिकारामनं भिंतीकडे बोट केलं. मग मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला.

मास्तरांनी दार लोटून कॅसेट लावली. स्वतःचाच आवाज, चार मूर्ती, नंतर नुसती खरखर. त्यांनी भिंत ठोकून पाहिली. नवी कॅसेट भरली आणि शेवटी मुद्दाम म्हटलं, "इथे माहिती संपली." तरी येणारा प्रत्येक माणूस डावीकडे वळायचाच. कोणी म्हणे गाल दिसतो, कोणी म्हणे नाकातली चमकी दिसते. आपल्याला दिसत नाही की लोकांना भास होतो, हेच मास्तरांना उमगेना. विचारायचीही चोरी झाली.

मायला आणावं की नाही? पण तिनं ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मास्तरांची बायको कौशल्या सासूला हाताला धरून घेऊन आली. माय एकेका मूर्तीवरून बोटं फिरवत हसत होती.

"बापू, तुहा आवाज तं मोठ्या साहेबावानी येऊन राहिला!"

मास्तरांचे डोळे भरून आले.

चौथी मूर्ती झाली. मायनं कौशल्याचा हात सोडला आणि डावीकडे वळली.

"माय, तिकडे काही नाही."

ती ऐकत नव्हती. भिंतीसमोर वाकून तिनं दोन्ही हात पुढं केले. हात हवेतच थांबले. मग बोटं हळूहळू फिरू लागली. कपाळ. नाक. हनुवटी.

"हे गरम काहून हाये, खुशाल?"

कौशल्यानं पदर तोंडाशी धरला.

"डोये मिटून हायेत," माय पुटपुटली.

बोटं थबकली.

"उघडले."

मास्तरांनी तिच्या कानांवरचा हेडफोन ओढून काढला. कॅसेट संपून यंत्र थांबलेलं होतं.

घरी परतताना माय मास्तरांचा हात धरून चालत होती. घाबरलेली दिसली नाही. संग्रहालयाला कुलूप लावायला कौशल्या मागं राहिली होती. घराच्या उंबरठ्याशी आल्यावर माय थांबली, मास्तरांचा हात सोडून अंग चोरून बाजूला झाली.

"जाय बाई, तू आधी जाय."

"माय, कौशल्या अजून गल्लीच्या तोंडाशी आहे."

"मले मालूम हाये," माय म्हणाली, आणि थोडा वेळ थांबून मग आत गेली.